प्रिस्किलाची भली बाई

प्रिस्किला गावितनं जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती, आणि कॉम्प्युटरवरच्या खेळातही ती उचलत नसे. खेळातल्या सचोटीचं ऐकून लोक हसत. तिला त्याचं काही वाटत नसे.

ती नवापूरच्या एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढायची. वय एकतीस. गाव नवापूरपासून सात किलोमीटरवर, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या टेकड्यांत. घरात ती आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि धाकटा भाऊ दिग्विजय सुरतला कापडाच्या कारखान्यात होता. लॅबमध्ये सिकलसेलच्या तपासण्या रोजच्याच. काचेच्या पट्टीवर कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी तिला सगळ्यांच्या आधी दिसायच्या, पण रिपोर्ट डॉक्टरांनीच सांगायचा, असा तिथला नियम. बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई तिच्याकडे टक लावून बघत असे, आणि प्रिस्किला म्हणत असे, "उद्या या." बारा वर्षं ती हेच म्हणत आली होती. चेहरा कसा ठेवायचा ते तिला आता विचार न करता जमायचं.

खेळाचा नाद लावला दिग्विजयनं. सुरतहून त्यानं एक जुना पण दणकट कॉम्प्युटर आणला होता. तिथं सहाजणांच्या खोलीत तो ठेवायला जागा नाही, म्हणून घरीच ठेवला. खेळात एक आख्खं राज्य होतं. डोंगर, नद्या, गावं, बाजार. आपलं एक माणूस घ्यायचं आणि वाटेल तिकडे जायचं, वाटेल ते करायचं. कुणी बोलायला आलं की पडद्यावर तीन-चार उत्तरं येत, खरं सांगा, थाप मारा, धमकी द्या, त्यातलं एक निवडायचं. दिग्विजय स्वतः खेळताना अट्टल चोर व्हायचा. ताईचं खातं उघडून देताना नाव टाकायच्या जागी त्यानं चेष्टेनं 'भली बाई' असं टाकलं, आणि प्रिस्किलानं ते नाव खरं करून दाखवायचं मनावर घेतलं.

भली बाई कुणाच्या घरात न विचारता शिरत नसे. ओस पडलेल्या घरातली पेटीही उघडत नसे, मालक परत आला तर काय, म्हणून. लांडगा अंगावर आला तर ती आधी पळून बघायची. एका म्हाताऱ्याला पलीकडच्या गावी पोचवायचं काम असलं तर त्याच्या पावलानं चालायची, पाऊण तास. आणि विचारणाऱ्याला खरं सांगायची. पुरात वाहून गेलेल्या नवऱ्याबद्दल नावाड्याच्या बायकोनं विचारलं तेव्हा प्रिस्किलानं 'खरं सांगा' हेच उत्तर दाबलं होतं, आणि त्या बाईचं रडणं संपेपर्यंत शेजारी उभी राहिली होती. त्याचं काही बक्षीस मिळत नव्हतं. आठ महिन्यांत खेळाचा तिसरा हिस्साही पुरा झाला नव्हता. दिग्विजय म्हणायचा, ताई, तू खेळत नाहीस, ड्युटी करतेस. पण नदीकाठच्या त्या पहिल्या गावातली अठरा माणसं तिला नावानिशी माहीत होती. कोणाचं काय दुखतं, तेही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी लॅबमधून येऊन, हातपाय धुऊन ती खेळायला बसली. आई चुलीपाशी होती.

पडदा उजळला तो पुलावर. भली बाई पुलाच्या मधोमध उभी होती आणि समोर नावाड्याची बायको पालथी पडली होती. प्रिस्किलाला आधी वाटलं, दरोडेखोर आले. ती पळत गावात शिरली. विहिरीपाशी दोघं. लोहाराच्या दारात तो आणि त्याचा भाऊ. घंटा ओतणारा आंधळा आपल्या भट्टीला टेकून बसल्यासारखा मेला होता. कोणी केलं असेल, कुठं गेले असतील, कोणी वाचलंय का, असं करत ती घराघरातून फिरली. पहिल्यांदाच, न विचारता. शेवटी गिरणीच्या मागं पिठाच्या पोत्याआड गिरणीवाला म्हातारा सापडला, जिवंत. तिला हायसं वाटलं. ती त्याच्या जवळ गेली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो खाली बसला. पडद्यावर त्याचे शब्द उमटले: नको. मला तरी सोड.

तेव्हा कुठं तिला भल्या बाईच्या हातातली तलवार दिसली. उपसलेली. तिनं ती आठ महिन्यांत म्यानाबाहेर काढलेली नव्हती.

आईनं जेवायला हाक मारली, तरी ती उठली नाही. मग तिला काही सुचेना म्हणून तिनं भल्या बाईला तिथून बाहेर काढलं आणि टेकडीपलीकडच्या गावात नेलं. काय होईल याची तिला धास्ती होती. झालं ते उलटंच. वेशीवरच्या बायका हसत पुढं आल्या. या बाई, बसा बाई, तुमच्यासारखं माणूस या मुलखात नाही. एकीनं फुलं दिली. आठ महिन्यांच्या पुण्याईनं भल्या बाईचं नाव इतकं मोठं झालं होतं, की टेकडीपलीकडं काय घडलं ते इथं कुणी विचारतही नव्हतं. प्रिस्किलानं खेळाच्या नोंदी उघडल्या.

खेळ कधी थांबवला त्याची नोंद त्यात आपोआप राहते, आणि कुठल्याही नोंदीपासून पुन्हा सुरू करता येतं. शेवटची नोंद तिची नव्हती. मंगळवार, सकाळी अकरा चाळीस, अशी होती.

मंगळवारी अकरा चाळीसला ती लॅबमध्ये होती. आई शेतावर तूर झोडपायला गेली होती. घराची किल्ली आढ्याच्या खोबणीत असते, हे घरच्यांखेरीज कुणाला माहीत नाही. आणि खात्याचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता. तिला आणि दिग्विजयला. तिनं आईला सहज विचारल्यासारखं केलं, काल घरी कुणी आलं होतं का. आई म्हणाली, कुणी नाही बाई, मांजर मात्र मेलं शिरलं होतं, टोपलीतल्या दोन भाकरी गेल्या.

प्रिस्किलानं टोपलीवरच्या झाकणाकडे पाहिलं. त्यावर आई रोज पाटा ठेवायची.

म्हणजे सुरतेत असलेला भाऊ काल सकाळी घरी आला होता. चोरासारखा. भाकरी खाल्ली, बहिणीच्या हातानं गाव कापून काढलं, आणि कुणाला तोंड न दाखवता गेला. नाताळला तो आला नव्हता, ओव्हरटाइम आहे म्हणाला होता. दर रविवारी फोन मात्र यायचा. आता तिला आठवलं, त्या फोनमागे हल्ली ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे.

तिनं फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. मग तिनं कारखान्यात माणसं पुरवणाऱ्या करणसिंगचा नंबर शोधून काढला. आपण दिग्विजयची बहीण, एवढं तिनं सांगताच पलीकडून तो मोठ्या आनंदानं बोलायला लागला. तुमचा भाऊ म्हणजे वाघ आहे, म्हणाला. आग लागली तेव्हा दोन माणसांना हाताला धरून बाहेर काढलं त्यानं. आम्ही त्याला हार घातला, फोटो काढला. एक मात्र गेला, त्याचं नशीब. कसली आग, एवढंच तिनं कसंबसं विचारलं. घरी सांगितलं नाही का त्यानं, तो म्हणाला. नाताळच्या आधी गोदामाला आग लागली होती, त्यानंतर चौथ्या दिवशी तो न सांगता निघून गेला. माझ्या ट्रकवाल्यांनी त्याला विसरवाडीला पाहिलंय, टायरच्या दुकानात.

विसरवाडी. घरापासून तासाभराच्या वाटेवर. दोन महिने तो तासाभरावर होता.

तिनं लॅबमध्ये अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली आणि दुपारी विसरवाडीच्या फाट्यावर उतरली. हायवेच्या कडेला टायरची चार दुकानं होती, तिसरं दोधूचं. दोधू चाकाशी झटत होता. तिनं भावाचं नाव घेतलं तर त्यानं मान वर न करता सांगितलं, "तो मांगे शे. चहा पी ऱ्हायना."

दुकानामागं फाटक्या टायरांच्या ढिगावर दिग्विजय बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तिला बघून तो उठला नाही, पळालाही नाही. ग्लास तेवढा खाली ठेवला.

वाटेत तिनं शंभर प्रश्न तयार केले होते. तोंडातून आलं ते भलतंच. "आंधळ्याला का मारलंस? त्यानं काय केलं होतं?"

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. एक खरं माणूस जळून गेलं होतं आणि ती पडद्यावरच्या माणसाचा हिशेब मागत होती. पण दिग्विजयला त्यात वेडंवाकडं काही वाटलं नाही. उलट, बोलायला सुरुवात कुठून करायची ते त्याला जणू सापडलं.

त्यानं सांगितलं ते असं. गोदामाच्या वर त्यांची खोली होती. रात्रपाळी करून आलेले चौघं दिवसा तिथं झोपत. सकाळचे दहा वाजले असतील. त्याला ठसक्यानं जाग आली तेव्हा खोलीत धूर भरला होता. दार एकच. दाराच्या आणि त्याच्या मध्ये भिला झोपला होता, तोरणमाळकडचा पावरा समाजाचा पोरगा, चोवीस वर्षांचा. बारा तास यंत्रमागाजवळ उभं राहून कानात आवाज घुमायचा, म्हणून भिला कानात कापूस घालून झोपायचा. दोघांचं जेवण एका ताटात असे.

"मी त्याला ओलांडून गेलो, ताई. पाय त्याच्या हातावर पडला. तो हलला. मला कळलं की तो हललाय. मी थांबलो नाही."

जिन्यावर मागून येणाऱ्या दोघांनी त्याचा शर्ट धरला होता. धुरात काही दिसत नव्हतं, तो पुढं पळत होता, ते त्याला धरून बाहेर आले. खाली आल्यावर त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, दिग्विजयनं वाचवलं. तो नाही म्हणाला नाही. मग हार आला. भिलाला खाली आणला तेव्हा हार दिग्विजयच्या गळ्यातच होता.

प्रिस्किला ऐकत होती. हायवेवरून उसाचे ट्रक चालले होते, त्यांच्या दणक्यानं पत्रे थरथरत होते. आपला भाऊ असं काही करेल हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं, आणि तो ज्या आवाजात ते सांगत होता तो आवाजही तिच्या ओळखीचा नव्हता.

"लोक येऊन पाठ थोपटायचे," तो म्हणाला. "तिथं राहवेना. घरी यायचं तर तू विचारशील. मंगळवारी आलो, तुम्ही दोघी नाहीत ते बघून. तुझी बाई उघडली. म्हटलं, ही इतकी भली, हिच्या हातून झालं तर काय होतं ते बघू. मारत गेलो. आता कुणीतरी येईल, मला धरेल, असं वाटत होतं. पुलावर परत फिरायच्या आधी पलीकडच्या गावातही गेलो, तर म्हणाले, या बाई, बसा. त्यांनी फुलं दिली."

मलाही दिली, असं तिच्या ओठावर आलं होतं.

जुनी नोंद असेल ना, मागं जाऊन सगळं पूर्ववत कर, असं त्यानं सुचवलं. नोंद होती. आदल्या रविवारची, त्यात अठराच्या अठरा माणसं जिवंत होती. ती म्हणाली, ते मी बघेन. मग तिनं विचारलं, भिलाच्या घरच्यांना हे माहीत आहे का. दिग्विजयनं नुसती मान हलवली, नाही.

त्यावर ती जे बोलली ते आपण बोललो याचा तिला पुढं कित्येक दिवस धक्का बसत राहिला. बारा वर्षं 'उद्या या' म्हणणारी ती, म्हणाली, "उद्या जाऊ."

आईला तिनं त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. आई आत जाऊन वाटेसाठी भाकरी थापायला लागली. खेळ प्रिस्किलानं रविवारच्या नोंदीवरून उघडला नाही, मंगळवारच्या नोंदीवरूनही नाही. कॉम्प्युटरवर तिनं ओढणी टाकली.

शुक्रवारी विसरवाडी, नंदुरबार, शहादा अशा बसा बदलत आणि पुढं जीपनं घाट चढून ते दुपारी दोनला तोरणमाळला पोचले. भिलाचा पाडा तिथून पायी अर्ध्या तासावर होता. वाटेवर मोहाची झाडं, उतारावर कापून नेलेल्या पिकाची खुंटं. दिग्विजय पुढं चालत होता. भिलानं त्याला घर इतक्यांदा वर्णून सांगितलं होतं की कुणाला विचारावं लागलं नाही.

भिलाचा बाप आमश्या अंगणात दोर वळत बसला होता. उंच, हाडकुळा माणूस. ऊसतोडीला जाऊन जाऊन त्याला मराठी येत होती. आई रेवाबाईला पावरीच तेवढी यायची, मराठीचे फार तर चार शब्द. दिग्विजय सुरतहून आलाय, भिलाच्या खोलीतला आहे, हे कळल्यावर आमश्यानं खाट टाकली, पाणी दिलं. रेवाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग दिग्विजय एकेक वाक्य मराठीत बोलायला लागला, आणि आमश्या ते बायकोला पावरीत सांगायला लागला.

खोली कशी होती. पाळी कधी सुटली. धूर. प्रत्येक वाक्यानंतर आमश्याचा सावकाश आवाज, आणि रेवाबाईची हललेली मान. असं ते चाललं होतं.

"मी त्याला उठवलं नाही," दिग्विजय म्हणाला. "त्याच्या हातावर पाय देऊन गेलो."

आमश्या थांबला. त्यानं ते वाक्य सांगितलं नाही. हातातल्या दोराकडे तो बघत राहिला. रेवाबाईनं काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

प्रिस्किलाच्या डोक्यात वाक्यं भराभर उभी राहिली. धुरात माणसाला सुधरत नाही. त्याची चूक नव्हती. तो घाबरला होता. सगळी वाक्यं बरी होती, कुठलंही चाललं असतं. तिनं दात आवळून धरले आणि एकही बोलली नाही.

तिसऱ्यांदा विचारल्यावर आमश्यानं सांगितलं. खाली बघत, एका दमात. रेवाबाईनं ते ऐकलं. प्रिस्किलाला वाटलं, आता ती किंकाळी फोडेल, नाहीतर धावून येईल, आणि दिग्विजयनंही तेच धरून खांदे आत घेतले होते. रेवाबाई चौकट सोडून अंगणात आली. तिनं एकच गोष्ट विचारली, छोटीशी.

आमश्यानं मान वर केली. त्याचा चेहरा पार बदलला होता. "ती विचारते," तो म्हणाला, "तो प्यायलेला होता का?"

"नाही," दिग्विजय म्हणाला. "तो पीत नव्हता. कधीच नाही. बारा तास काम करून झोपला होता. कानात कापूस होता."

मग आमश्यानं सांगितलं. भिलाला गाडीतून घेऊन करणसिंगचा जो माणूस आला होता त्यानं साऱ्या पाड्यासमोर सांगितलं होतं, की पोरगा दारू पिऊन पडला होता, हाका मारल्या तरी उठला नाही, बाकीचे वाचले. पाड्यानं ते खरं धरलं. मातीला आलेले लोकही तेच बोलत होते. भिलानं आईला शब्द दिला होता, की सुरतेत बाटलीला शिवणार नाही. दोन महिने ती बाई पोरगा गेल्याचं रडली नव्हती. पोरगा खोटारडा निघाला म्हणून ती गप्प होती.

प्रिस्किला हबकून गेली. भावाच्या अपराधाची कबुली द्यायला ती एवढा घाट चढून आली होती. त्या कबुलीच्या आत या लोकांसाठी दुसरंच काही आहे हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि दोन महिने ते विसरवाडीच्या टायरांवर बसून राहिलं होतं.

रेवाबाई आता रडत होती. अंगणाच्या मध्ये उभ्या उभ्या, मोठ्यानं. आमश्या उठला आणि पाड्यावर गेला. थोड्या वेळानं लोक यायला लागले. म्हातारे, बायका, कुऱ्हाड खांद्यावर असलेले दोघं. आमश्या दिग्विजयला म्हणाला, "पुन्हा सांग. सगळं सांग."

दिग्विजयनं पुन्हा सांगितलं. आमश्यानं पुन्हा एकेक वाक्य पावरीत घातलं, ते वाक्यसुद्धा, या वेळी न थांबता. गर्दीतून कुणीतरी रागानं काही बोललं, कुऱ्हाडवाल्यांपैकी एक पुढं आला. आमश्यानं हात आडवा धरला. अजून माणसं आली तेव्हा तिसऱ्यांदा. दिग्विजयचा घसा बसला. कुणी त्याला माफ केलं म्हणालं नाही, कुणी हातही लावला नाही. करणसिंगच्या माणसानं सांगितलं ते खोटं आहे असं लिहून द्यायला आणि कुठं जावं लागलं तर सोबत यायला तो कबूल झाला. आमश्यानं नुसतं ऐकून घेतलं.

ऊन उतरलं. शेवटची जीप गेली असणार, हे प्रिस्किलाला कळत होतं. रेवाबाई रडायची थांबून दिग्विजयच्या समोर येऊन बसली. आमश्याकडे न बघता तिनं स्वतःच, मोडक्या मराठीत विचारलं, "कोणता हात?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं आपला उजवा हात पुढं केला आणि मनगटाच्या वर, भिलाच्या हातावर जिथं पाय पडला होता, ती जागा दाखवली. रेवाबाईनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि ती जागा बघत बसली. प्रिस्किला शेजारी उभी होती. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं, पण त्या बाईनं हात सोडला तेव्हा पाड्यावर चुली पेटल्या होत्या, आणि आमश्या आत जाऊन दोन जादा घोंगड्या काढत होता.